मुलांचा सिलिॲक आजार: गहू बंद केला, आता घरातलं पीठ कसं सांभाळायचं?

भाकरतुकडा
सिलिॲक असलेल्या मुलांच्या आहाराच्या याद्या बऱ्याच मिळतात, पण त्या ब्रेड, पास्ता आणि केक खाणाऱ्या घरांसाठी केलेल्या असतात. हिंग, मेतकूट, चौकातली गिरणी आणि आजीच्या हातची कुरडई त्यांत सापडत नाही. म्हणून हा धागा. निदान झालेलं मूल आणि आपलं स्वयंपाकघर, एवढ्यापुरताच ठेवू या. मोघम 'काळजी घ्या' नको. माप, पद्धत आणि कुठे चुकतं ते लिहा.

सुरुवातीपुरतं थोडक्यात. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजते आणि अन्न अंगी लागत नाही. मग जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची, लोहाच्या औषधालाही दाद न देणारा ॲनिमिया. काही मुलांना उलट बद्धकोष्ठ असतं, त्यामुळे निदान लांबतं. उपाय एकच: ग्लुटेन पूर्ण आणि कायमचं बंद.

मापात_पाप
'पूर्ण' म्हणजे किती, ते आधी आकड्यांत सांगतो. घरात भांडणं इथूनच सुरू होतात.

एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन सोसतं, पण रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर काही महिन्यांत आतडं पुन्हा बिघडतं. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा ही दिवसभराची मर्यादा. 'एक घास खाल्ल्याने काय होतंय' याला हेच उत्तर. घासभर पोळीत दीड-दोनशे मिलिग्रॅम सहज असतं.

पाकिटावरच्या 'ग्लुटेन फ्री'चा अर्थ आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. मुलाने दिवसभरात अशा पिठाचे ३०० ग्रॅम पदार्थ खाल्ले तरी ६ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. २० ते १०० मिलिग्रॅमचा माल 'लो ग्लुटेन' म्हणून विकता येतो. तो या मुलांसाठी नाही. दोन्ही पाकिटं दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात, तेव्हा शब्द नीट वाचा.

सायली_नगर
एक शंका. भाचीचं पोट सारखं दुखतं, वजनही वाढत नाही. तपासणीआधी महिनाभर गहू बंद करून पाहावा का? फरक पडला तर कळेलच ना.

ओपीडी_नंतर
नाही, ताई. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. गहू बंद केला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरू लागतात, लव भरून येऊ लागते, आणि पुढे तपासणी केली तर ती खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. बरं वाटलं म्हणून सिलिॲकच होता असंही ठरत नाही. गहू कमी केला की इतर कारणांनी होणारे गॅसही कमी होतात.

क्रम असा. मूल रोजचा गहू खात असतानाच टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) आणि सोबत टोटल आयजीए (आयजीए प्रकारच्या अँटिबॉडी रक्तात एकूण किती आहेत ते). सोबतची तपासणी सोडू नका. काही मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं, मग टीटीजी कितीही कमी आलं तरी त्याला अर्थ नसतो आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीवर आधारित तपासण्या कराव्या लागतात. टीटीजी वाढलेलं असेल तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाकडे एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतडं पाहणं) आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं). आकडा वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही आणखी एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय निदान करण्याची पद्धत युरोपात मान्य आहे. इथे ते तज्ज्ञांनी ठरवायचं.

गहू आधीच बंद केला असेल तर तो पुन्हा काही आठवडे खायला घालून तपासावं लागतं. पाच वर्षांच्या आतल्या आणि वयात येणाऱ्या मुलांत हे शक्यतो टाळतात, कारण वाढीचं नुकसान होतं. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

आणखी एक. मुलाचं निदान झालं की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजी करून घ्या, लक्षणं नसली तरी. जवळच्या नात्यात साधारण दहात एकापर्यंत हा आजार सापडतो.

पाटावरवंटा
आता मुद्द्याचं: गिरणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी यांत ग्लुटेन नाही हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते पीठ दळलं कुठे?

हिशोब करा. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर जात्यात आणि कापडी नळीत ५० ग्रॅम कणीक अडकून राहिली, आणि लगेच तुमची ५ किलो ज्वारी पडली. ५० ग्रॅम कणकेत साडेचार ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. ते ५ किलोत मिसळलं की किलोला ९०० मिलिग्रॅम. मर्यादेच्या पंचेचाळीस पट! फक्त ५ ग्रॅम कणीक अडकली असेल तरी किलोला ९०. 'आधी मूठभर तांदूळ फिरवून घ्या' हा गिरणीवाल्याचा सल्ला मनापासूनचा असतो, पण त्याने नळी साफ होत नाही. शिवाय हवेत उडणारी कणीक आहेच.

मार्ग तीन. पहिला, घरची छोटी घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीच नाही. जुनी, गहू दळलेली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. आतल्या फटींतली कणीक निघत नाही. दुसरा, काही गिरण्यांत उपवासाच्या दळणाला वेगळं जातं असतं. असेल तर तेच, आणि तेही सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या. तिसरा मार्ग लोक विसरतात: दळणाशिवाय जेवण. आंबोळी, घावन, डोसा, मुगाची धिरडी हे सगळं भिजवून वाटायचं. मुलासाठी वेगळं ठेवलेलं मिक्सरचं भांडं पुरतं, गिरणीचा प्रश्नच नाही. कोकणातल्या घरांना हे पथ्य त्या मानाने सोपं जातं ते याच कारणाने.

धान्य निवडणंही आलं. गव्हाच्या एका दाण्यात साधारण ४ मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे राहिले की मर्यादा गाठली. दुकानात एकाच मापाने सगळी धान्यं भरतात, तेव्हा पाच दाणे ही फार मोठी गोष्ट नाही. ताटात पसरून, उजेडात, दोनदा निवडा, धुवा, कडकडीत वाळवा, मग दळा.

खानदेशी_ठेचा
लपलेल्या गव्हाची आपल्याकडची यादी देतो. कुणी तपासून भर घाला.

हिंग. डबीतल्या पूड हिंगात डिंक आणि मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. घटक वाचून घ्या, नाही तर हिंगाशिवाय जिऱ्याची फोडणी. वरण, आमटी, लोणचं, ताकाचा मसाला, पापड असा रोज पाच ठिकाणी हिंग जातो, म्हणून तो पहिला.
मेतकूट: पारंपरिक कृतीत मूठभर गहू असतो. मऊ भात आणि मेतकूट हे आजारी मुलाचं जेवण समजलं जातं, आणि नेमकं तेच चुकतं.
थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, कुरडई, गव्हाच्या शेवया, लापशी, दलिया, रवा. मालवणी वड्यांच्या पिठातही अनेक घरांत गहू असतो.
माल्ट घातलेल्या दुधात टाकायच्या पावडरी आणि माल्टचा अर्क असलेले कॉर्नफ्लेक्स. माल्ट म्हणजे मोडाचे जव. (माल्टोडेक्स्ट्रिन वेगळं, ते चालतं. नावावरून घाबरू नका.)
सोया सॉस. आइस्क्रीमचा कोन. तयार सूपची पाकिटं. हॉटेलातली दाट ग्रेव्ही. पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला साबुदाणा वडा.

आमच्याकडचं चांगलं ते पण सांगतो: कळण्याची भाकरी. ज्वारीत चौथा हिस्सा उडीद आणि मीठ घालून दळायचं. उडदाने पिठाला चिकटपणा येतो, भाकरी चिरत नाही, आणि प्रथिनं वाढतात ती वेगळीच. ज्वारीची बिबडी, मुगाचे सांडगे घरी केलेले असतील तर बिनधास्त.

मृण्मयी_दादर
खपली गहू चालतो ना? आमच्या ओळखीत एकांनी साखर आणि पोट दोन्हीला चांगला म्हणून सुरू केला. गव्हांकुराचा रसही देतात.

मापात_पाप
खपली हा गहूच आहे, मृण्मयीताई. जुना, देशी, पचायला हलका, असेल सगळं, ग्लुटेन आहे. मोड आणलेला गहू, आंबवून केलेला पाव, जव, शरबती, बन्सी, एकही चालत नाही. गव्हांकुराच्या पात्यात ग्लुटेन नसलं तरी कापताना दाणा आणि मुळं सोबत येतात. ज्यात फायदा काही नाही आणि धोका आहे ते कशाला?

ओट्सबद्दल कुणी विचारायच्या आत: ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात गहू मिसळतो. 'ग्लुटेन फ्री' छाप असलेले ओट्ससुद्धा टीटीजी खाली आल्यावर, डॉक्टरांना विचारून. थोड्या मुलांना ते शुद्ध असूनही सोसत नाहीत.

भाकरतुकडा
भांड्यांचं काय? सगळी बदलायची का?

पाटावरवंटा
सगळी नाही. स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने नीट घासली की झालं. बदलायच्या त्या ज्यांना भेगा, छिद्रं, सांधे असतात: लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, जुना लोखंडी तवा, लाकडी उलथनं, टोस्टर. चाळणी कितीही धुतली तरी जाळीत कणीक राहते, तेव्हा मुलासाठी नवी, वेगळ्या रंगाची.

एकाच ओट्यावर दोन्ही होत असेल तर क्रम पाळा. आधी ओटा ओल्या फडक्याने पुसून मुलाची भाकरी, ती डब्यात बंद, मग घरच्या पोळ्या. कणीक चाळताना उडालेलं पीठ बराच वेळ हवेत असतं आणि उघड्या भांड्यांवर बसतं. मुलाचे डबे वरच्या फळीवर, गव्हाचा खाली. सांडलं तर खाली सांडेल. तूप, लोणी, जॅम, लोणचं यांच्या बरण्या वेगळ्या, कारण पोळीचा कण लागलेला चमचा परत बरणीत जातोच.

हात लावल्याने मात्र काही होत नाही. ग्लुटेन पोटात गेलं तरच त्रास. पण लहान मुलं बोटं चोखतात. बालवाडीतल्या रंगीत मळायच्या गोळ्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

आंबोळी_स्पेशल
पोळीसारखं मऊ, गुंडाळता येईल असं काही हवं असतं, नाही तर शाळेच्या डब्याचं अडतं. ही कृती करून पाहा.

दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं, दोन चहाचे चमचे इसबगोल, पाव चमचा मीठ. दोन वाट्या पाणी खळखळ उकळून त्यातलं पाऊण पिठावर ओता, उलथन्याने ढवळा, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरा. मग कोमट असतानाच तेलाच्या हाताने पाच मिनिटं मळा. लागेल तसं उरलेलं पाणी घाला. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ हवा. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत लाटा, मध्यम आचेवर भाजा, उतरवल्या उतरवल्या फडक्यात गुंडाळा.

कडा चिरल्या तर पाणी उकळतं नव्हतं किंवा पीठ जुनं होतं. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की त्याची विरी जाते. आठवड्यापुरतंच दळा. बाजरीचं तर त्याआधीच कडवट होतं. आतून गिच्च लागली तर इसबगोल जास्त झालं. चिमूटभर कमी करा. डब्यात कडक झाली तर गरम असताना हवेवर राहिली. ग्लुटेन पोळीला जे ताणून धरतं ते काम इथे इसबगोल आणि पिठाला बसलेला चटका करतात, म्हणून थंड पाण्यात मळलं की सगळं फसतं.

भाजणी: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, राजगिरा अर्धी, धने पाव. राजगिरा सोडून सगळं वेगवेगळं खमंग भाजून, राजगिरा नुसता गरम करून. गव्हाची आठवणसुद्धा येत नाही.

ओपीडी_नंतर
पथ्य सुरू झाल्यावर उलटी चूक होते ती अशी: गव्हाबरोबर दूध, साखर, डाळी, शेंगदाणे, आंबट, तळलेलं, सगळंच बंद. आधीच रोडावलेलं मूल आणखी वाळतं. बंद करायचं ते फक्त ग्लुटेन.

दुधाचं वेगळं आहे. आतडं झिजलेलं असताना दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी पडतं, म्हणून सुरुवातीला काही मुलांना दुधाने गॅस आणि जुलाब होतात. ते तात्पुरतं. काही आठवडे दही आणि ताक द्या, मग अर्ध्या कपापासून दूध पुन्हा सुरू करा. वर्षानुवर्षं दूध बंद ठेवलेली मुलं दिसतात, त्याला कारण नाही. हाडांना कॅल्शियम हवंच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. तीळही चांगले.

वजन वाढवायला एक चहाचा चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. दाण्याचं १० ग्रॅम कूट म्हणजे ५५-६० कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं. प्रत्येक जेवणात हे दोन्ही. साबुदाण्याची खिचडी रोज नको, ती जवळपास नुसती पिठूळ ऊर्जा. नुसत्या भातावर ठेवलं तर बद्धकोष्ठही होतं. भाकरी, भाज्या, पेरू, पपई, भरपूर पाणी.

लोह, फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व, झिंक यांची मात्रा तपासणीनुसार डॉक्टर ठरवतील, अंदाजाने देऊ नका. हिपॅटायटिस बीच्या लशीचा परिणाम या मुलांत कमी होऊ शकतो, तेव्हा त्याचीही चौकशी करा. आणि फार खंगलेल्या, सतत जुलाब होणाऱ्या मुलाला घरी एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट घसरू शकतं. ते रुग्णालयातच सावकाश.

केळीवाला_काका
थोडं विषयांतर, पण उपयोगी. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्याला मिळालं. खरं कारण म्हणजे त्या आहारात पाव-बिस्किट नव्हतं. बरी झाली असं समजून मुलं परत पावाकडे वळली की दुखणंही परत. गव्हाचा संबंध दाखवला तो हॉलंडच्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ होता, पाव मिळेना, तेव्हा ही मुलं उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर बिघडली. डिकेंना संशय त्याआधीपासूनच होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो मांडला.

आजही 'अमुक काढ्याने बरा झाला' असं कुणी सांगितलं, तर त्या काळात गहू बंद होता का, एवढं विचारा.

सायली_नगर
सणांचं काय करायचं? दिवाळीत बाकीची मुलं खाताना याने नुसतं बघायचं?

आंबोळी_स्पेशल
उलट दिवाळी सोपी आहे. पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली (गहू न घातलेली), बेसनाचे लाडू, अनारसे, शेव, कडबोळी. बेसन मात्र घरी दळलेल्या डाळीचं. शंकरपाळी, करंजी, रव्याचे लाडू तेवढे गेले. घरात सगळ्यांसाठीच तांदळाचं नि डाळीचं केलं तर ताट वेगळं दिसत नाही. तळण मात्र नव्या तेलात.

गणपतीला उकडीचे मोदक आहेतच, तळलेले नाहीत. होळीला पुरणपोळीऐवजी नुसतं पुरण आणि तूप, किंवा तांदळाच्या उकडीत पुरण भरून. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तिथे मुलाला पंचामृत आणि फळ. शिऱ्याचा 'कणभर प्रसाद' देऊ पाहणाऱ्या काकूंना वर मापात_पाप यांचा हिशोब वाचून दाखवा. उपवासाचा फराळ म्हणजे तर या मुलांची चंगळ: वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं.

वसईचा_पाव
ख्रिस्ती घरांसाठी: कम्युनियनची ओस्ती (चर्चमध्ये प्रसाद म्हणून मिळणारी पातळ चकती) गव्हाचीच असते. पूर्ण ग्लुटेनविरहित ओस्ती चर्चला मान्य नाही, अगदी कमी ग्लुटेनची मान्य आहे. फादरना आधी सांगून ती वेगळ्या पात्रात ठेवायला सांगा, किंवा मूल नुसता द्राक्षारस घेऊ शकतं. तेही चर्चला मान्य आहे. मात्र ज्या पेल्यात ओस्तीचा तुकडा टाकतात तो नको. गोव्यात पोई, उंडे हे पाव बंद, पण सान्नं तांदळाची, ती खुशाल.

सायली_नगर
आणि शाळेत?

पाटावरवंटा
वर्गशिक्षिकांना कागदावर चार ओळी: बिस्किट, केक, शेवया, रवा नाही, दुसऱ्याच्या डब्यातलं नाही, मळायचा गोळा हाताळल्यावर हात धुवायचे, चुकून खाल्लं तर जीव धोक्यात नाही, पण घरी कळवायचं. गव्हाच्या ॲलर्जीत धाप लागू शकते, इथे तसं नाही. हा फरक कळला की शाळा घाबरत नाही. वाढदिवसाच्या खाऊसाठी वर्गात एक बंद डबा: राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. शालेय पोषण आहारातली खिचडी तांदळाची असते, फक्त हिंग आणि मसाला कोणता ते स्वयंपाकघरात जाऊन बघा.

मापात_पाप
टीटीजीबद्दल राहिलं. पथ्य सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने. सुरुवातीचा आकडा मोठा असेल तर नॉर्मल यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. खाली येतोय ना, ते पाहा. वजन काही महिन्यांत, उंची मागाहून. उंची-वजन दर तीन ते सहा महिन्यांनी आलेखावर मांडा.

आकडा खाली येत नसेल तर लगेच 'पथ्य लागू पडत नाही' म्हणू नका. सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा: औषधाची गोळी, टूथपेस्ट, शेजारच्यांनी दिलेलं चॉकलेट. मग गिरणी, हिंग, बेसन, चाळणी याच क्रमाने शोधा. उलट, टीटीजी नॉर्मल आलं म्हणजे अधूनमधून पोळी चालते असंही नाही. लहानसहान चुका त्या तपासणीत दिसत नाहीत.

सायली_नगर
तपासणीची वेळ सोमवारची घेतली. तोवर नेहमीची पोळी चालू ठेवते. टोटल आयजीए सोबत लिहून घ्यायला सांगते.

ओपीडी_नंतर
बरोबर. आणि उपाशीपोटी जायची गरज नाही, सकाळचा नाश्ता देऊनच न्या.